एलियनचा देखावा करायचाय? पाटी, तबकडी, सिग्नल की सोयुझ

परवा तालमीतली पोरं आली, म्हणाली यंदा गणपतीत "माणूस आणि एलियनची गाठ पडते" असा देखावा करायचाय, प्रसंग कुठला घेऊ सांगा. त्यांच्या डोक्यात जे होतं ते सगळ्यांच्याच डोक्यात पहिलं येतं, वरनं बशी उतरते, लाल लाईट, धूर, लेझर, पळापळ. मी कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ ह्या भागात मंडळांच्या लायटिंगची आणि मोटरची कामं करतो आणि असला लढाईचा देखावा मी एकदा स्वतः उभा केलाय. कुठल्या मंडळाचा ते राहू दे. पहिल्या रात्री गर्दी झाली, पण बारकी पोरं रडायला लागली नि मोठी माणसं दीड मिनिटात बाहेर, कारण एक मारतोय आणि दुसरा मरतोय ह्याच्या पलीकडं त्यात काहीच नव्हतं. दोन वेगळ्या ग्रहांवरचे जीव समोरासमोर आले तर नेमकं अडतं कुठं, हे आतनं बाहेर पडणाऱ्या एकालाही कळलं नसणार.

म्हणून माझं म्हणणं असं की कथा रचत बसू नका, खरंच घडलेलं घ्या. एलियन अजून कुणाला भेटलेला नाही, पण माणसानं त्याच्यासाठी चिठ्ठ्या पाठवून ठेवल्यात, आणि त्या लिहिताना माणसामाणसांत जी वादावादी झाली त्यात तुमचा अख्खा विषय आहे. माझ्या नजरेत चार पर्याय आहेत, पोरांना तोंडी सांगितले तेच इथं जरा नीट लिहितोय, दुसऱ्या कुठल्या मंडळाला पण उपयोगी पडेल.

सगळ्यात सोपी आणि कमी खर्चाची म्हणजे पायोनियरची पाटी. पायोनियर १० हे यान १९७२ च्या मार्चमध्ये सुटलं, पायोनियर ११ पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, आणि दोन्हीवर सोनेरी रंगाची ॲल्युमिनियमची एकेक पाटी, साधारण नऊ बाय सहा इंच, म्हणजे शाळेच्या पाटीएवढीच. कार्ल सेगन आणि फ्रँक ड्रेक ह्या खगोलशास्त्रज्ञांनी ती ठरवली, चित्र लिंडा साल्झमन सेगन ह्यांनी काढलं. त्यात आपला सूर्य कुठं आहे ते १४ पल्सारच्या (ठराविक ठेक्यात रेडिओ सिग्नल देणाऱ्या ताऱ्यांच्या) खुणांनी दाखवलंय, खाली सूर्यमाला, आणि एक बाई नि एक पुरुष. पुरुषानं उजवा हात वर केलाय. आता ह्या एका हातावर विचार करा. त्यांनी तो नमस्कार म्हणून काढला. चौकातला पोलीस असाच हात करतो तेव्हा आपण ब्रेक दाबतो, आणि आपल्या बाप्पाचा उजवा हात तसाच असतो पण तिथं त्याचा अर्थ 'भिऊ नको'. एकाच पृथ्वीवर तीन अर्थ, मग ज्याला हातच नाहीत तो काय समजणार? अजून एक, यानाचा रस्ता दाखवायला बाण काढलाय. १९७२ सालीच अर्न्स्ट गॉम्ब्रिख ह्या कला-इतिहासकारानं विचारलं होतं की ज्यांच्याकडं कधी धनुष्यबाणच नव्हता त्यांना बाणाचं टोक म्हणजे दिशा हे कसं कळायचं. हा मुद्दा मंडपात फार छान दाखवता येतो, हात वर होतो आणि दर वेळी मागचा प्रसंग बदलतो, एका वायपर मोटरचं काम.

पण अडचण मोठी आहे. चित्रातली माणसं उघडी आहेत. अमेरिकेतसुद्धा तेव्हा बोंब झाली, काही वर्तमानपत्रांनी चित्र खाडाखोड करून छापलं. आपल्या मंडपात आज्ज्या, सुना, शाळेची पोरं लायनीत उभी असतात, तिथं ते जमणार नाही, आणि त्यांना कपडे घालून दाखवलं तर जी वस्तू खरंच तिकडं गेलीय ती आपण खोटी केली. मला ते पटत नाही. शाळेतल्या प्रदर्शनाला नुसता बाण आणि हात एवढंच घेतलं तर मात्र पाटी उत्तम.

अरेसिबोचा सिग्नल मी पटकन बाजूला ठेवतो. १६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीतनं तीन मिनिटांच्या आत १६७९ बिट (शून्य किंवा एक असे ठोके) पाठवले, २३ गुणिले ७३, म्हणजे त्या आकड्याचे दुसरे भागच पडत नाहीत, ओळी बरोबर लावल्या की चित्र दिसतं. एलईडीच्या पॅनेलवर झकास दिसेल. पण तो पाठवला एम १३ ह्या तारकागुच्छाकडं, पंचवीस हजार प्रकाशवर्षं लांब, समोरचा दिसतच नाही, गाठ पडतच नाही. त्यातला खरा वाद घेण्यासारखा आहे, सगळ्या पृथ्वीच्या वतीनं बोलायची परवानगी ह्यांना कुणी दिली? ब्रिटनचे शाही खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल ह्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती, आणि पुढं १९८९ साली ह्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं की उद्या परग्रहावरनं सिग्नल आला तरी देशादेशांत विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. वाद भारी आहे, पण तो नाटकात चालेल, देखाव्यात नाही.

आता व्हॉयेजर यानांवरची तबकडी, उडती नव्हे, गाण्याची, ग्रामोफोनवर वाजते तसली. इथं मी जरा थांबणार आहे, कारण कोल्हापूरकरांनी ही गोष्ट माहीत करून घेतलीच पाहिजे. १९७७ साली व्हॉयेजर २ ऑगस्टमध्ये आणि व्हॉयेजर १ सप्टेंबरमध्ये सुटलं, दोन्हीवर तांब्याची, वरनं सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी. त्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठी आहे, पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभेच्छा पाठवतात असं एक बाई मराठीतनं सांगते. शंभरावर चित्रं, आणि साधारण दीड तासाचं संगीत, सगळ्या जगातनं निवडलेले २७ तुकडे. त्यात हिंदुस्थानी गाणं एकच, केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटांची. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या, लहानपणी घरच्यांबरोबर कोल्हापुरात आल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडं आठेक महिने शिकल्या. पुढं त्यांना ज्यांची तालीम मिळाली ते अल्लादिया खाँसाहेब, आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे ज्या गायकीला ह्या गावानं जपलं ती आज व्हॉयेजर १ वर पृथ्वीपासून अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे, तिथनं निघालेला रेडिओ सिग्नल घरी पोचायला तेवीस तासांच्या वर लागतात. व्हॉयेजर १ सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या.

ह्या गाण्यातच तुमचा देखावा आहे बघा. भैरवी आपण मैफल संपताना म्हणतो, आणि तिथं ती पहिल्या भेटीला पाठवली गेली. ऐकणाऱ्याला ते कसं कळणार? आणि शब्द काय, तर कुठं चाललास. आपल्याकडं गल्लीत कुणी दिसलं की "कुठं निघालाय पाव्हणं?" असंच विचारत्यात, त्याला खरं उत्तर कुणी मागत नाही, ती विचारपूस असते. बाहेरगावचा माणूससुद्धा ह्यात फसतो, त्याला वाटतं ह्याला काय करायच्यात चौकशा. मग जो बाहेरच्या ग्रहावरचा आहे त्याला ही आपुलकी वाटेल का झडती?

तबकडी करणाऱ्यांना ह्याची जाण होती आणि म्हणून त्यांनी केलेली तयारी मला फार आवडते. बरोबर सुई आणि ती बसवायची कार्ट्रिज दिलीय. झाकणावर वाजवायची कृती चित्रानं कोरलीय, तबकडी किती वेगानं फिरवायची ते सांगायला आपलं सेकंद-मिनिट नाही वापरलं, हायड्रोजनच्या अणूतला एक ठराविक काळ माप म्हणून घेतला, कारण हायड्रोजन त्यांच्याकडं पण असणारच. आणि आतलं पहिलं चित्र कसलं, तर नुसतं वर्तुळ. तेच वर्तुळ झाकणावर पण आहे. गोल दिसला तर बरोबर चाललंय, अंडं दिसलं तर कुठंतरी चुकलंय, परत लाव. समोरच्याला चुकायची आणि दुरुस्त करायची सोय करून दिलीय. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना एवढा विचार आपण तरी करतो का. आतल्या एका फोटोत खाणं, चाटणं आणि पिणं दाखवलंय, त्यात एक बाई आईसक्रीम चाटतेय, एकजण ब्रेड चावतोय आणि तिसरा भांडं न टेकवता वरनं तोंडात पाणी ओततोय, अगदी आपण तांब्यानं पितो तसं. अमेरिकन माणूस असलं बघून गोंधळेल, आपली आज्जी लगेच ओळखेल.

एक गोष्ट मात्र त्यात खटकते. युद्धाचे, उपासमारीचे फोटो मुद्दाम घेतले नाहीत, पाहुण्याला घाबरवायचं नाही म्हणून. ते मी समजू शकतो, पण सोयरीक जमवताना घरातलं भांडण लपवलं तर पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. देखाव्यात हे पण यावं असं मला मनापासनं वाटतं, एका कोपऱ्यात न पाठवलेल्या फोटोंची रिकामी चौकट लावा, निवेदनात एक वाक्य पुरे.

चौथा पर्याय एलियनचा नाहीच, तरी मी तो यादीत ठेवलाय. १७ जुलै १९७५ ला अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयुझ अंतराळात एकमेकांना जोडली गेली. तेव्हा ही दोन राष्ट्रं एकमेकांना परकी म्हणजे किती परकी, आणि यानंसुद्धा तशीच. अपोलोत निव्वळ ऑक्सिजन आणि दाब आपल्या हवेच्या एक तृतीयांश, सोयुझमध्ये आपल्यासारखी साधी हवा. दार उघडून सरळ पलीकडं गेलं तर जिवाशी खेळ. म्हणून मधे एक वेगळी खोली जोडली, तिच्यात थांबायचं, दाब जुळेपर्यंत वाट बघायची, मग पुढं. रशियनांनी आपल्या यानातला दाब थोडा उतरवला म्हणून ती वाट कमी झाली. जोडणीची कडी पण अशी केली की ह्याची खोबण नि त्याची खुंटी असं नाही, दोन्ही बाजूंनी सारखीच, पहिल्या वेळी अपोलोनं पुढाकार घेतला, दुसऱ्या वेळी सोयुझनं. आणि बोलायचं कसं, तर अमेरिकन रशियन बोलणार, रशियन इंग्लिश बोलणार, कारण परक्याचं आपल्या भाषेतलं सावकाश बोलणं लवकर कळतं. सोयुझचा कप्तान लिओनोव्ह म्हणायचा की आमच्यात तीन भाषा आहेत, रशियन, इंग्लिश आणि ओक्लाहोम्स्की, कारण अपोलोचा कप्तान स्टॅफर्ड अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, त्याच्या रशियनचा हेल तसला होता. भेटल्यावर लिओनोव्हनं पाहुण्यांना व्होडकाची लेबलं लावलेल्या ट्यूब दिल्या, आत निघालं बीटाचं सूप.

सहकार्य म्हणजे काय हे दाखवायला ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही. भांडण कशावरनं होऊ शकतं (हवा, भाषा, मान कुणाचा) आणि ते कसं सोडवलं, सगळं डोळ्यांना दिसतं. फक्त त्याला जिवंत पात्रं लागतात, चांगली पाच पोरं, दोन-तीन आठवडे तालीम, आणि रोज रात्री बारापर्यंत उभं राहायची तयारी.

तर निवडताना तुमच्याकडं काय आहे ते बघा. नाटकाची पोरं असतील तर डोळे झाकून सोयुझ घ्या, मधली खोली मंडपाच्या बरोबर मधे ठेवा आणि बघणाऱ्यांना तिच्यातनंच आत सोडा, तिथं अर्धा मिनिट थांबवा, लाईट निळा ते पिवळा होऊ दे, मग पडदा उघडा. पात्रं नसतील, मोटर आणि साउंडवर भागवायचं असेल तर तबकडी, आणि आमच्या तालमीला मी तीच सांगितलीय. एलियनला टाळ्या वाजवताना दाखवू नका, त्याला कान आहेत का हे कुणाला माहितेय. तो तबकडी हातात घेऊन उलटी धरतो, उन्हाकडं धरतो, हुंगतो, ताटासारखी वापरून बघतो, मग झाकणावरचं वर्तुळ त्याच्या लक्षात येतं आणि मागच्या पडद्यावर पहिल्यांदा वेडंवाकडं अंडं उमटतं, तो परत फिरवतो, आणि गोल येतो. तिथं सगळे लाईट बंद करून भैरवी सुरू करा. रेकॉर्ड लावण्यापेक्षा आपल्याच गावातल्या गाणाऱ्या एखाद्या मुलीकडनं ती बंदिश म्हणून घ्या, गावात शिकणाऱ्या पोरी भरपूर आहेत, विचारलं तर आनंदानं येतील. डॉल्बी नको, दोन साधे बॉक्स बास.

तबकडी चार फुटाची करा, बारा इंच मागच्या लायनीतनं दिसत नाही. पितळी पत्रा महाग पडतो, एमडीएफवर सोनेरी फॉईल चालेल पण रेघा हातानं कोरून घ्या, प्रिंट चिकटवली की लाईटमध्ये लगेच कळतं. कोरायला आठ दिवस लागतात, त्यामुळं ह्या रविवारच्या मिटिंगमध्ये काय ते ठरवा आणि मला फोन करा.