अकॅडमीत असताना मनाचा त्रास: कुणाशी बोलावं आणि ते कुणापर्यंत जाईल?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फौजेची ओढ घराघरांत आहे. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र म्हणजे मराठा सेंटर आणि मिलिटरी स्कूल, कित्तूरला मुलींची सैनिकी शाळा, शिवाय अग्निवीर भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकॅडम्या. तिथं राहणाऱ्या मुलामुलींची झोप उडते, जेवण जात नाही, फॉल-इनच्या म्हणजे रांगेतल्या हजेरीच्या आधी छाती धडधडते, तरी ती बोलत नाहीत. बाहेर कळेल ही भीती असते. पण नेमकं कुणाला कळू नये असं वाटतंय? उस्तादांना म्हणजे प्रशिक्षकांना, घरच्यांना, की भरतीच्या कागदांना? हे ठरलं की निवड सोपी होते, कारण प्रत्येक वाटेवर गुप्तता वेगळ्या माणसापासून मिळते.

पहिली वाट आतलीच: समुपदेशक, हाऊस मास्टर, मेट्रन किंवा वॉर्डन. तिचं मोल कमी समजू नका. खोली बदलून देणं, ड्युटी हलकी करणं, छळणाऱ्या सीनियरला थांबवणं हे आतलाच माणूस करू शकतो. बाहेरचा कितीही चांगला डॉक्टर असला तरी त्याचा हात डॉर्मिटरीपर्यंत पोचत नाही. अडचण अशी की हा माणूस संस्थेचा नोकर असतो. काही छोट्या खासगी अकॅडम्यांत तर मालक, प्रशिक्षक आणि वॉर्डन एकच सर असतात. तिथं गुप्ततेची आशा धरू नये. मोठ्या शाळेत वेगळा समुपदेशक असेल तर मन मोकळं करण्याआधी सरळ विचारा, ‘मी सांगतो त्यातलं तुम्हाला कुणाला सांगावं लागेल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर झोपेच्या तक्रारीपुरतंच बोला आणि बाकीचं बाहेर सांगा.

दुसरी वाट फोनची. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. कन्नड अडखळत येणाऱ्या मुलाला रडताना भाषा शोधत बसावं लागत नाही, हे मला सीमाभागात फार महत्त्वाचं वाटतं. केसपेपर नाही, रांग नाही. नाव सांगायचं नसेल तर तसं सुरुवातीलाच म्हणा. मात्र अकॅडमीत फोन जमा करून घेतात आणि रविवारी थोडा वेळ देतात, तोही आजूबाजूला गर्दी असताना. मित्राचा फोन घेतला तर कॉलच्या यादीत क्रमांक राहतो. आणि महिनाभर टिकलेली उदासी एका फोननं जाईल असं नाही; तिथूनच पुढं कुठं जायचं ते विचारून घ्यावं. सेंटरमधले रिक्रूट आणि जवानांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष आहे.

तिसरी वाट बाहेरच्या डॉक्टरची. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सचं सरकारी हॉस्पिटल आणि केएलई, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही तर याच कामाची संस्था. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्याला कोणता मंगळवार, ते आधी विचारून घ्या. ओळखीचं कुणी बाकावर भेटेल अशी धास्ती असेल तर निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ, अथणीकडच्यांना मिरज. बाहेर जाण्याच्या परवानगीच्या चिठ्ठीवर, म्हणजे आउटपासवर, ‘डॉक्टरकडे जायचं आहे’ एवढं कारण पुरे; कोणत्या डॉक्टरकडे, ते लिहिण्याची घाई करू नका. खासगी दवाखान्यात गर्दी कमी असते, पण फी प्रत्येक भेटीला लागते.

गुप्ततेला कायद्याचं बळ सगळ्यात जास्त याच वाटेवर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारातली माहिती डॉक्टरला गुप्त ठेवावी लागते. अकॅडमीच्या सरांनी फोन करून विचारलं म्हणून ती देता येत नाही. अपवाद आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश. अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालक कायद्यानंच प्रतिनिधी असतात, म्हणून उपचार घरापासून लपवता येत नाहीत. त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मुलांच्या संरक्षणाच्या पॉक्सो कायद्याखाली ऐकणाऱ्याला ती कळवावीच लागते. हे आधी माहीत असलं की पुढं फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

कागदांचं थोडं सविस्तर. वडील माजी सैनिक असतील आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे ईसीएचएसमधून, उपचार घेतले तर ते वडिलांच्या कार्डाशी जोडलेले राहतात. घरच्यांना इतक्यात सांगायचं नसेल तर ही वाट नको. सरकारी दवाखान्यात आभा हा आरोग्य नोंदींचा ओळख क्रमांक विचारतात, तो देणं ऐच्छिक आहे. भरतीच्या मेडिकलला पूर्वीच्या मानसिक आजाराबद्दल विचारतात हे खरं. पण परीक्षेच्या ताणानं झोप उडाली म्हणून समुपदेशकाशी बोलणं म्हणजे मनोविकाराचं निदान नव्हे. निदान झालंय, गोळ्या चालू आहेत, तर ते लपवून मेडिकलला उभं राहू नका. नंतर उघड झालं तर निवड जाऊ शकते. सेवेत आलेल्यांची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ पद्धतीनं ठरते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक स्थितीचं आहे. रिक्रूट आजारी असल्याचं कळवून (सिक रिपोर्ट) युनिटच्या दवाखान्यात, म्हणजे एमआय रूममध्ये, गेला की त्याची नोंद होते, हे धरूनच चालावं. तरीही त्रास वाढत असेल तर मी रिक्रूटला मिलिटरी हॉस्पिटलच सांगेन, कारण तिथं सुट्टी आणि हलकी ड्युटी अधिकृतपणे मिळू शकते.

खासगी अकॅडमीतल्या मुलानं आधी १४४१६ लावावा आणि पंधरवड्यात फरक पडला नाही तर बाहेरचा डॉक्टर गाठावा, असं माझं मत आहे. शाळकरी मुलामुलींनी आईवडिलांपैकी ज्याच्याशी बोलणं सोपं जातं त्याला सोबत घ्यावं. मारहाण किंवा छळ होत असेल तर डॉक्टरची वाट बघू नका. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

मरण्याचे विचार येत असतील तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला उठवा, ड्युटीवरच्या माणसाला सांगा, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा किंवा १०८ ला फोन करा. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका: २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ असं मानतं की जिवाचं बरंवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.