कवीच्या रूममेटचं पुस्तक, गॉसिपसकट (४/५)

जो लेस्यूरचं 'डायग्रेशन्स ऑन सम पोएम्स बाय फ्रँक ओहारा' (२००३) चरित्र समजून घेतलंत तर फसाल. ओहारा म्हणजे न्यूयॉर्कचा गे कवी, पोटापाण्यासाठी मोमात, म्हणजे तिथल्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये, आधी काउंटरवर बसायचा आणि पुढे तिथेच क्युरेटर झाला. लेस्यूर त्याच्यासोबत १९५५ ते १९६५ राहिला, चार घरं झाली दोघांची. पुस्तकाची पद्धत अशी की एक कविता घ्यायची आणि मग तेव्हा घरात कोण पडीक होतं, कोणाचं कोणाशी चालू होतं, कोण कोणावर फुगलेलं, यावर पानंच्या पानं गप्पा हाणायच्या. समीक्षा शोधणाऱ्यांचं डोकं उठेल.

मला हेच भारी वाटलं, कारण ओहारा मित्रांची नावं अशी टाकतो की जणू आपण पण त्याच कट्ट्यावर असतो. जॅझ गायिका बिली हॉलिडे गेली त्या दिवसाची कविता बघा, १७ जुलै १९५९. बूट पॉलिश, बर्गर, पॅट्सी आणि माइकसाठी गिफ्ट, सिगरेटी, पेपर, आणि पेपरवर तिचा फोटो. आता हा माइक कोण? तर चित्रकार माइक गोल्डबर्ग. हे माहीत नसलं तरी कविता लागते, पण कळल्यावर मजा दुप्पट.

तेव्हा चित्रकार बसायचे सीडर टॅव्हर्न या बारमध्ये, लेखक सॅन रेमो बारमध्ये, ओहारा दोन्हीकडे. आता दोन्ही बंद. आणि लेस्यूर लपवाछपवी करत नाही, दोघांमध्ये नेमकं काय होतं काय नव्हतं ते सरळ सांगतो, डान्सर व्हिन्सेंट वॉरनवर ओहारा किती फिदा होता तेही. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा समलैंगिक संबंध कायद्याने गुन्हा होता बरं का, तो कायदा १९८० पर्यंत टिकला. ओहारा १९६६ मध्येच गेला, फायर आयलंडच्या बीचवर गाडीने उडवलं, वय फक्त ४०. स्टोनवॉल, म्हणजे तिथल्या गे बारवरच्या पोलीस छाप्याविरुद्धचं बंड, त्यानंतर ३ वर्षांनी.

एक स्टार कापला कारण नावांचा नुसता पाऊस आहे, विषयांतरात परत विषयांतर, मधली काही पानं मी सरळ उडवली. शिवाय इम्पोर्टेड म्हणून महाग, सेकंडहँड मिळतंय का बघा. ओहारा अजिबात वाचला नसेल तर आधी 'लंच पोएम्स' घ्या, १९६४ चं खिशात मावणारं पुस्तक, आणि मग दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचा.