स्टिकरखाली स्टिकर: मिरजेतून स्वस्तात ड्रेसिंगचं सामान घेणाऱ्यांनो, वाचा

6,340 रुपये. गॉज, हातमोजे आणि जखम धुवायच्या सलाईनच्या बाटल्या. आईच्या पायाला शुगरची जखम, रोज ड्रेसिंग, आणि दुकानात तेवढ्याच मालाला नऊ हजारांवर जात होतं. मिरजेत एवढे दवाखाने, होलसेलवाल्याकडून घेतं की प्रत्येक जण! मी काही जगावेगळं केलं नाही. माणूस ओळखीतून आलेला, बोलायला गोड, पैसे आधी फोनवर. बिल? ‘देतो की दादा, उद्या पाठवतो.’ तो उद्या अजून उजाडायचाय.

पेटी आली तेव्हा एका बाटलीचं स्टिकर नखाला अडकलं. कोपरा सुटत होता, खाली छापील अक्षरं दिसत होती. तिथंच पेटी परत फेकायला हवी होती! पण आणणारा पोरगा गाडी चालू ठेवूनच उभा, आत आई कण्हतेय. अशा वेळी लेबलं सोलत कोण बसतं? पुढं जखम चिघळली, तेव्हा सोललं. वर मुदत 2027, खाली 2023. बाटली उजेडात धरली तर आत कापसासारखे धागे तरंगत होते. याच पाण्यानं आम्ही जखम धूत होतो. दवाखान्याचं बिल 41,750.

आता सरकारी तऱ्हा ऐका. पोलीस म्हणाले, हे औषधवाल्या खात्याचं काम. खात्यात म्हणाले, साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तर म्हणे बिल कुठंय, आणि पेटी फोडलीत कशाला? अहो, न फोडता ड्रेसिंग करायचं कसं? अर्ज घ्यायला तयार, पोच द्यायला नाहीत. पोच भांडूनच घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता म्हणतील. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात कलम 26 आहे, साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून सरकारी विश्लेषकाकडून स्वतः विकत घेतलेला माल तपासून घेऊ शकतो. हे त्या टेबलावरच्या एकानंही सांगितलं नाही, वकील मित्रानं सांगितलं. बातमीसाठी धाडी घालतात, फोटो येतात. आमच्यासारखा पुरावा हातात घेऊन दारात गेला की मात्र ‘बघू’.

गॉज, हातमोजेसुद्धा 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतात. बॅच नंबर, मुदत, लायसन्स किंवा नोंदणी नंबर नसेल तर हात लावू नका. पेटीवरची बॅच आणि आतल्या पाकिटावरची बॅच जुळवा. माझ्या पेटीत जुळत नव्हती, तेही नंतरच कळलं. बिलावर बॅच लिहून घ्या. ‘ओळखीचा आहे’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, त्याला कमिशन किती.

त्या माणसाचं स्टेटस रोज पडतंय, ‘स्टॉक मर्यादित’. सांगली-मिरजेत कुणी त्याच्याकडून माल घेतला असेल आणि पेटी अजून बंद असेल तर फोडू नका, वापरूही नका. मला कळवा. सीलबंद माल असेल तर कलम 26 खाली अर्ज ज्यानं माल विकत घेतला त्याच्याच नावानं टाकू, फी मात्र मीच भरतो.