२१२ टॅग आणि एक फेसपॅक

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. चक्कीवरून आणलेली चकलीची भाजणी डब्यात भरत होते, तेवढ्यात इन्स्टाग्रामवर मेसेज आला. कुणी बाई हिंदीत विचारत होत्या, हे तेलकट त्वचेला चालतं का आणि आठवड्यातून किती वेळा लावायचं. मला वाटलं, चुकून आला असेल. मग त्यांनी फोटोच पाठवला. फोटो माझ्या मेतकुटाचा. आमच्याच ओट्यावर मी काढलेला, आईची पितळी वाटी आणि कडेला माझ्या मनगटातली हिरवी बांगडी अर्धी दिसतेय. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'हळदीचा घरगुती फेसपॅक'. आणि त्याखाली माझ्या व्यवसायाचं नाव, रीतसर टॅग करून, म्हणजे नावावर बोट ठेवलं की माझं खातं उघडावं असं.

त्या टॅगचे मी पैसे मोजले होते.

आधी माझं सांगते. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. सहा वर्षं झाली, घरूनच थालीपिठाची, चकलीची, उपासाची भाजणी, मेतकूट आणि डांगराचं पीठ करून विकते. डाळी सियागंजातून आणायच्या, घरी भाजायच्या, कॉलनीतल्या चक्कीवर आपल्यासमोर दळून घ्यायच्या. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आहे, पाकिटावर नंबर छापलेला असतो. थालीपीठ भाजणी २६० रुपये किलो. त्यात धान्य, गॅस, दळण, पाकीट सगळं जाऊन माझ्या हातात ७० रुपये उरतात. हा ७०चा आकडा पुढे लागणार आहे.

हे टॅग विकणारा मुलगा भेटला गणपतीत, आमच्या मंडळाच्या स्टॉलवर. पंचविशीचा, नीटनेटका, मराठी बोलणारा. इंदुरात दिवसभर हिंदी बोलून कंटाळलेल्या माणसाला समोरच्याने 'काकू' म्हटलं की अर्धं काम तिथेच होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. मेतकुटाचा वास घेऊन म्हणाला, "माझी आजी अस्संच करायची." मग म्हणाला, "काकू, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतल्या लोकांना सगळं इंदूर टॅग करतं. तुम्हाला कोण करतं? आपण मराठी माणसं इथेच मार खातो." मला ते लागलं. खरंच होतं ना! माझं इन्स्टाग्रामचं खातं मुलीने उघडून दिलेलं, त्यावर ८४ फॉलोअर, त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक.

त्याची योजना साधी होती. दोनशे मोठी पेजेस माझ्या मालाचे फोटो टाकणार आणि मला टॅग करणार. शिवाय माझ्या प्रत्येक पोस्टमध्ये तो वीस मोठ्या लोकांना टॅग करणार आणि खाली तीस हॅशटॅग, म्हणजे # लावलेले विषयाचे शब्द, लावणार. गणपतीत ४,००० घेतले. पितृपक्षात, 'आता सणाची गर्दी सुरू होईल, आत्ताच जोर लावायला हवा' म्हणून ७,५००. मी यूपीआयने दिले. पासवर्डही दिला. कागद नाही, पावती नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं तेवढं.

पुढचा महिना मी हवेत होते, हे कबूल करते. फोन सारखा टिंग टिंग करायचा. अमक्याने तुम्हाला टॅग केलं, तमक्याने केलं. मी यांना दाखवायची. हे म्हणायचे, "छान. ऑर्डर किती आल्या?" मी म्हणायची, येतील. फॉलोअर ८४वरून तीन हजारांवर गेले. दसऱ्यानंतर त्याने आणखी ६,००० मागितले, नावापुढे खातं खरं असल्याची निळी खूण मिळवून देतो म्हणून. तेही दिले. एकूण १७,५००. सत्तरने भागून बघा. अडीचशे किलो भाजणी. माझ्या कढईत एका वेळी दोन किलो धान्य मावतं, म्हणजे सव्वाशे कढया मी त्या मुलासाठी भाजल्या.

फेसपॅकवाल्या बाईंना मी लिहिलं, 'अहो, हे मऊ भातावर तूप घालून खायचं असतं.' त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली आणि विषय संपला. दोनशे टॅगांतून आलेली ती एकुलती एक चौकशी.

भाची पुण्याहून दिवाळीला आली, तेव्हा रात्री फराळाचं तळण उरकल्यावर तिच्यासमोर फोन ठेवला. तिने काही बोलायच्या आधी टॅग करणारी खाती एकेक उघडायला लावली. मी हे आधी एकदाही केलं नव्हतं. खात्यांची नावं म्हणजे चार अक्षरं आणि पुढे सात आकडे. एका पेजवर माझ्या भाजणीच्या वर मोबाइलची कव्हरं, खाली बुटांची जाहिरात. अकरा हजार फॉलोअर आणि फोटोला तीन लाइक. सगळ्या फोटोंखाली तीच ती दोन बदामांची प्रतिक्रिया, त्याच पाच खात्यांकडून. मेतकुटाचा तो एकच फोटो सतरा ठिकाणी, पैकी तीन ठिकाणी फेसपॅक. पिवळी पूड दिसली की फेसपॅक लिहायचं, असं काहीतरी यंत्रच बसवलेलं असावं.

मग तिने खातं प्रोफेशनल, म्हणजे धंद्यासाठीचं, केलं. फुकट असतं ते. हे मी आधी विचारलं होतं, तेव्हा तो मुलगा म्हणाला होता, "नको काकू, त्याने रीच पडते, पोस्ट कमी लोकांना दिसते." का नको होतं ते आता कळलं. प्रोफेशनल खात्याला फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत ते दिसतं. माझ्या यादीत सगळ्यात वर जकार्ता. इंदूर पहिल्या पाचांत नाही. जकार्त्यात भाजणी कशी पोचवायची होती मी!

भाचीने जे समजावलं, ते मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याला कुणी फोटोत टॅग केलं तर तो फोटो टॅग करणाऱ्याच्या फॉलोअरांना दिसतो, आपल्या नाही. आपल्या प्रोफाइलवर टॅगचा वेगळा कप्पा असतो, त्यात तो जाऊन बसतो, आणि तो कप्पा मुद्दाम कुणी उघडला तरच दिसतो. म्हणजे टॅगची किंमत सगळी टॅग करणाऱ्यावर. त्याचे फॉलोअर खरे आहेत का, आपल्या गावचे आहेत का, त्याचं ऐकतात का. ते खोटे असतील तर दोनशे काय, दोन हजार टॅग केले तरी रिकाम्या सभागृहात टाळ्या. उलट आपण वीस मोठ्या लोकांना टॅग करतो तेव्हा त्यांना ती कटकट असते. ते टॅग काढून टाकतात, तक्रारही करू शकतात. हॅशटॅगचंही तेच. पूर्वी लोक हॅशटॅग फॉलो करू शकायचे, ती सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. आणि निळी खूण तर इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा स्वतःच महिन्याच्या भाड्याने देते. भारतात जून २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा मोबाइलवर महिन्याला ६९९ रुपये होते. मधे दलाल लागतच नाही.

मी त्याला फोन केला. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "काकू, मी टॅगचं बोललो होतो. ऑर्डरचं बोललो होतो का?" मी व्हॉट्सअ‍ॅप वर सरकवत बसले. नव्हता बोलला. दोनशे टॅग म्हणाला होता आणि दिले होते २१२. बारा वरून, भाजीवाला कोथिंबिरीची काडी टाकतो तसे. माझा राग तिथे जरा अडखळला. त्याने मला खोटं विकलं म्हणावं, तर मोजून दिलेलं होतं. त्याला जे मोजून देता येतं तेच तो विकत होता, आणि मी ते गिऱ्हाईक समजून घेत होते. पण निळ्या खुणेचे ६,००० तर सरळ खाल्ले होते. त्याबद्दल विचारल्यावर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला, आणि संध्याकाळी माझा नंबर ब्लॉक.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सरकारी सायबर पोर्टलवरही तक्रार टाकली. क्रमांक मिळाला. पैसे गेल्यावर लगेच, त्याच तासात कळवलं तर ते मधेच अडवता येण्याची शक्यता असते. मी गेले तीन आठवड्यांनी. पैसे काही आलेले नाहीत. पासवर्ड त्याच रात्री बदलला, दुसऱ्या फोनांवरून खातं बाहेर काढलं, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावलं. टॅग मी मंजूर केल्याशिवाय प्रोफाइलवर दिसू नये, अशीही सेटिंग असते, ती केली.

आता वहीची गोष्ट. ऑर्डरची माझी शंभर पानी वही आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की 'कुठून कळलं?' विचारून समासात लिहायची सवय मला पहिल्यापासून आहे. ती वही कपाटात होती आणि मी फोन बघत होते, हा माझा गाढवपणा. गणपती ते दिवाळी ४३ नवीन घरं. २४ कुणी ना कुणी सांगितलं म्हणून आलेली. ९ स्टॉलवरची. ५ कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. २ गूगल मॅपवरून, जिथे नाव टाकायला एक पैसा लागत नाही. आणि ३ इन्स्टाग्रामवरून.

ती तीन वाचून मी चमकले. म्हटलं, चला, काहीतरी उगवलं. तिघींना फोन करून विचारलं. तिघीही विजयनगरच्या, एकाच ऑफिसातल्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीने माझ्या भाजणीचं थालीपीठ लावलं होतं, मधली भोकं जरा वाकडी, वर लोण्याचा गोळा. त्याची स्टोरी टाकून मला टॅग केलं होतं. तिला फॉलोअर चारशे सुद्धा नाहीत. तिला मी ओळखतही नव्हते आणि पैसे तर सोडाच, तिचा तो टॅग त्या टिंग टिंगच्या ढिगात मी पाहिलाही नव्हता. चोवीस तासांनी स्टोरी गेली. पाहिली असती तर स्वतःच्या स्टोरीवर तरी लावली असती.

त्यामुळे टॅगचा उपयोग शून्य असं मी म्हणणार नाही. आता प्रत्येक पाकिटात चिठ्ठी असते, 'थालीपीठ झालं की फोटो काढा, आम्हाला टॅग करा, जळलं असेल तरी चालेल.' महिन्याला सात-आठ येतात. शेवटची ओळ भाचीची आहे, आणि लोक खरंच जळलेली पाठवतात.

मागच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन. त्या सुदामानगरात ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडेही एक जण आलाय, वेगळा, पण 'तीनशे टॅग' म्हणतोय, मराठीतच. मी म्हटलं, त्याला एकच विचारा, इंदुरातल्या तुझ्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर दे, मी बोलून घेते, मग पैसे देते. त्यांनी विचारलं. तो म्हणाला, घरी जाऊन पाठवतो काकू.

काल पुन्हा विचारलं जाऊबाईंना. म्हणाल्या, अजून घरी पोचला नाही वाटतं.