आठ महिने कॅमेऱ्याने ग्रुप सेल्फी: मागच्या रांगेतले चेहरे धूसर का येतात आणि मी काय बदललं

कॅमेरा घेऊन आठ महिने झाले. एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे फोनपेक्षा बराच मोठा सेन्सर) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; पुढे वळणारी स्क्रीन, सोबत १६ मिमीची, खूप रुंद दृश्य घेणारी एफ/१.४ लेन्स. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, अपर्चर, किती उघडं आहे ते: आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त.) घेण्यामागचं मोठं कारण ग्रुप सेल्फी हेच होतं. घरची माणसं एकत्र येतात तेव्हा फोटो काढणारा फोटोत नसतो, आणि ते मला नको होतं.

पहिल्या दोन महिन्यांत मात्र फार वाईट वाटलं. एकदा आम्ही अकराजण जमलो होतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला, सगळे पांगले. रात्री लॅपटॉपवर उघडला तर माझ्या चष्म्याच्या काडीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता, आणि मागे उभ्या असलेल्या आजीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळसर ठिपके. तशी सगळी माणसं त्यानंतर अजून एकत्र आलेली नाहीत. त्या दिवसापासून मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो.

आधी वाटलं हात हलला असेल. पण हात हलला तर अख्खा फोटो फराटल्यासारखा होतो. इथे मी स्वच्छ होतो आणि मागचे सगळे मऊ, म्हणजे धूसर. म्हणजे चूक फोकसची. फोनवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण फोनचा सेन्सर नखाएवढा आणि लेन्सची खरी फोकल लेन्थ जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे जवळचं-लांबचं बरंचसं आपोआप शार्प येतं. मोठ्या सेन्सरवर ही सवलत मिळत नाही. हिशेब मांडून पाहिला: १६ मिमी लेन्स, एफ/१.४, अंतर ७० सेंटिमीटर, तर शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागे जेवढ्या खोलीत सगळं स्पष्ट येतं तो भाग, साधारण ११ सेंटिमीटरचा. एका माणसाच्या नाकापासून कानापर्यंतच तो संपतो. मागच्या रांगेला काय मिळणार? तेच एफ/८ केलं की पट्टा ४९ सेंटिमीटरपासून सव्वा मीटरच्या आसपास जातो.

मग मी अपर्चर लहान करत गेलो, म्हणजे एफचा आकडा वाढवत गेलो, आणि तरीही मागचे पूर्ण शार्प येईनात. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कॅमेऱ्याचं फेस डिटेक्शन (चेहरा ओळखून आपोआप फोकस करणारी सोय) चौकटीतला सगळ्यात मोठा चेहरा पकडतं, आणि सेल्फीत सगळ्यात मोठा चेहरा कॅमेरा धरणाऱ्याचा. म्हणजे फोकस सगळ्यात पुढच्या माणसावर, आणि शार्प पट्ट्याचा पुढचा भाग माझ्या आणि लेन्सच्या मधल्या रिकाम्या हवेत वाया. फोकस थोडा मागे, ९० सेंटिमीटरवर नेला तर त्याच एफ/८ ला अंदाजे ५८ सेंटिमीटरपासून २ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं. माझा चेहरा हाताच्या अंतरावर ६५ सेंटिमीटरला असतो (टेपने मोजलंय), तोही आत बसतो. माझ्या अनुभवात निम्मं काम या एका बदलाने झालं.

आता करतो असं: फेस डिटेक्शन बंद, फोकस पॉइंट एकच. सगळे उभे राहिले की दुसऱ्या रांगेतल्या कुणावर तरी बटण अर्धं दाबून फोकस घेतो, लेन्सवरचा स्विच मॅन्युअलला सरकवतो, म्हणजे फोकस तिथेच राहतो, आणि मग कितीही फोटो काढतो. स्क्रीनवर बोट टेकवूनही फोकस घेता येतो, पण एका हातात कॅमेरा तोलून दुसऱ्या हाताने मागचा नेमका चेहरा टिपायचा म्हणजे कसरत. या लेन्सबद्दल खरी तक्रार एकच: कॅमेरा बंद करून चालू केला की मॅन्युअल फोकस विसरतो, पुन्हा घ्यावा लागतो. एवढ्या चांगल्या लेन्समध्ये हे खटकतं. सेल्फी चालू असताना मी कॅमेरा बंदच करत नाही, मग बॅटरी भराभर उतरते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण हात सरळ पुढे धरतच नाही, उजवीकडे वर धरतो. कॅमेरा तिरका झाला की फोकसचं प्रतलही (ज्या सपाट रेषेत सगळं शार्प येतं ते) तिरकं होतं. मग रांग सरळ असूनही डाव्या टोकाची मावशी प्रत्यक्षात कॅमेऱ्यापासून पुष्कळ लांब पडते. काका नेहमी म्हणायचे, 'कडेला उभा राहिलो की मी दरवेळी पुसटच येतो रे!' खरंच यायचे. आता हात शक्य तितका मध्यावर ठेवतो, किंवा लांबच्या टोकाच्या माणसांना अर्धं पाऊल पुढे बोलावतो. लहान मुलांना अगदी कोपऱ्यात उभं करत नाही. १६ मिमीवर कोपऱ्यातले चेहरे ताणले जातात आणि मुलांचे तर फारच विचित्र दिसतात.

घरात, रात्री, उजेड कमी असल्याने एफ/८ परवडत नाही. तेव्हा एफ/५.६, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर जातो, फोटोत दाणे दिसतात. दाणे मला चालतात. ते नंतर कमी करता येतात, धूसर डोळे परत आणता येत नाहीत. उलट्या बाजूला एफ/१६ पर्यंतही जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ पडतं.

सेल्फी स्टिक घेतली ती चौकटीत जास्त माणसं मावावीत म्हणून, पण खरा फायदा फोकसला झाला. अंतर १.२ मीटर झालं की एफ/५.६ लाच ८० सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंत शार्प. फक्त कॅमेऱ्याचं वजन पेलेल अशीच घ्या, फोनसाठीची हलकी काडी वाकते.

फोटो काढल्यावर कुणालाही हलू देत नाही. आधी मागच्या रांगेतल्या कडेच्या चेहऱ्यावर झूम करून पापण्या दिसतात का बघतो, मग सोडतो. दहा सेकंद लागतात. सुरुवातीला घरचे वैतागले, आता स्वतःच विचारतात, 'दिसल्या का पापण्या?'

तीन रांगा झाल्या की हाताने काढायचा हट्ट मी सोडलाय. ट्रायपॉड, १० सेकंदांचा टायमर. पण माझा कॅमेरा टायमरचं बटण दाबतो त्याच क्षणी फोकस पक्का करतो, मी धावत जाऊन उभा राहीपर्यंत थांबत नाही. म्हणून तिथेही आधी मधल्या रांगेवर फोकस, स्विच मॅन्युअलला, आणि मगच टायमर.