टाटा एथिकल फंड: सव्वा वर्ष एसआयपी केल्यावर

मी पुण्यात एमकॉम करते, मूळची रत्नागिरीची. इस्लाममध्ये व्याज घेणं मना आहे, म्हणून अब्बांनी आयुष्यात एफडी केली नाही, बचत खात्यावर जे व्याज पडतं तेही ते दरवर्षी काढून गरजूंना देऊन टाकतात. त्यामुळे ट्यूशनचे पैसे साठायला लागले तेव्हा ठेवायचे कुठे हाच प्रश्न होता, बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या सरांनी एफडीचाच फॉर्म पुढे सरकवला. इस्लामिक म्हणजे बिनव्याजी बँक आपल्याकडे नाही, रिझर्व्ह बँकेने तो विषय 2017 मध्येच बंद केला. शेवटी हॉस्टेलच्या एका सीनियर आपाने टाटा एथिकल हा शरिया म्हणजे इस्लामी नियम पाळणारा म्युच्युअल फंड सांगितला, आणि मी त्यात एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणं, सुरू केलं.

स्कीम 1996 पासूनची आहे, पण नावात शरिया नाही म्हणून बऱ्याच जणांना माहितीच नसते. पैसा जातो शेअर्समध्येच, फक्त बँका, इन्शुरन्स, दारू, तंबाखू, जुगार सोडून. मेसच्या टेबलावर आपा आणि मी फॅक्टशीट, म्हणजे फंडाचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे ते सांगणारं पत्रक, उघडून पेन्सिलने एकेक नाव तपासलं, एकही बँक सापडली नाही, आयटीसी तर तंबाखूमुळे आधीच बाद. आणि धंदा हलाल असला तरी कंपनीवर कर्ज किती हेही बघतात बरं का. मुंबई शेअर बाजाराने 2010 ला टासिस या शरिया सल्लागार संस्थेसोबत शरिया 50 इंडेक्स, म्हणजे अशा 50 कंपन्यांचा निर्देशांक, काढला, त्यात व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या 25 टक्क्यांच्या आत आणि व्याजाची कमाई उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत हवी अशी अट होती. हे रेशो आपण परीक्षेला करतोच की, म्हणून मला पटकन पटलं.

आता कमी काय ते. निफ्टी 50 या मोठ्या 50 कंपन्यांच्या निर्देशांकात साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि फायनान्सचं असतं, त्यामुळे बँकांचे शेअर पळाले की असा फंड मागे राहणार, हे धरूनच चला. वर्षभरात भरायची कॉलेजची फी यात अजिबात टाकू नका, मार्केट पडलं की आकडा लाल होतोच, माझाही झाला होता.

माझ्या वर्गात व्याज नको म्हणणाऱ्या पाच-सहा मुली आहेत, पण गुंतवणूक एकीचीही नव्हती. श्रद्धा कमी म्हणून नाही हो, घरात कोणी केलेलं बघितलेलं नाही आणि शेअर म्हणजे जुगार असं लहानपणापासून ऐकलेलं. फॅक्टशीट समोर बसून दाखवली तेव्हा दोघींनी 500 ची एसआयपी सुरू केली. एक मराठे आडनावाची मैत्रीण तर दारू-तंबाखूत पैसा नको एवढ्यासाठीच आली.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. अब्बांना ईदला घरी गेल्यावर फोनवर दाखवलं, त्यांनी चष्मा लावून कंपन्यांची अख्खी यादी वाचली आणि विचारलं, माझ्या नावाने पण होईल का?