वरुडची रविवारची बुद्धिमत्ता शिकवणी

वरुडकडच्या गावांतून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. बाजाराजवळच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतात, फी महिन्याला ३०० रुपये. विधान-निष्कर्षाला, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष पक्का निघतो का ते ओळखायच्या प्रश्नांना, घाबरत असाल तर इथे जाच.

आधी मी शहरातल्या एका मोठ्या क्लासला जायची. तिथे तक्ता पाठ करून घ्यायचे: 'सर्व' आणि 'काही' आलं की निष्कर्ष निघत नाही. इथले सर तक्ता देतच नाहीत, प्रत्येक गटाचं एक अशी वर्तुळं काढायला लावतात. पहिल्याच तासाला फळ्यावर होतं: सर्व संत्री फळे आहेत. काही फळे आंबट आहेत. निष्कर्ष: काही संत्री आंबट आहेत. आमच्याकडे घरोघरी संत्र्याचे बगीचे, सगळ्यांनी 'बरोबर' म्हटलं. सर म्हणाले, "काहून? विधानात लिवलं हाये काय? आंबट ते चिंचाच असल्या तं?" आणि आंबटाचं वर्तुळ फळांत शिरलेलं, पण संत्र्यांपासून दूर असं काढून दाखवलं. असं एक चित्र निघालं की निष्कर्ष गेला. मग दुसरं विधान बदललं: काही संत्री आंबट आहेत. आता 'काही फळे आंबट आहेत' पक्कं निघतं. दोन्हीकडे 'सर्व' आणि 'काही'च. तक्ता इथेच फसवतो. दोन्ही विधानांत सामायिक शब्द कोणता आणि तो कुठे बसलाय, ते बघायचं.

उत्तरांतला 'एकतर पहिला किंवा दुसरा निष्कर्ष बरोबर' हा पर्याय तर मला इथेच कळला. पहिल्या उदाहरणात 'काही संत्री आंबट आहेत' आणि 'एकही संत्रे आंबट नाही' यांतलं एकही सिद्ध होत नाही, पण दोन्ही एकदम खोटी असूच शकत नाहीत. म्हणून तो पर्याय.

वेळेचा हिशेबही सर करून घेतात. पोलीस भरतीची लेखी परीक्षा १०० प्रश्नांची, १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. दोन विधानांचं चित्र तेवढ्यात आरामात होतं. तीन विधानं आली की हात भरभर चालायला हवा, आणि तो सराव इथे भरपूर मिळतो.

उणं म्हणाल तर जागा अपुरी, उशिरा येणाऱ्याला खाली बसावं लागतं. लाइट गेली की उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. आणि संगणकावरचा सराव नाही. तलाठीची परीक्षा २०२३ मध्ये संगणकावरच झाली, त्यामुळे ती तयारी करणाऱ्यांना हा सराव हवाच. मी सरांना तसं सांगितलं आहे.